पासपोर्ट साईज आणि तसबीर : बाळापूरच्या फोटो स्टुडिओतले काम

छायाचित्रणाच्या इतिहासात नामवंत छायाचित्रकारांची, राजेरजवाड्यांच्या दरबारांची आणि युद्धांची नोंद सविस्तर सापडते. परंतु ज्या कुटुंबांच्या भिंतीवर आणि पेटीत मिळून पाच-सहाच फोटो असतात, त्या कुटुंबांना कॅमेऱ्याची ओढ का वाटत आली आणि ती अजून का टिकून आहे, हे त्या इतिहासातून उमगत नाही. ते जाणून घ्यायचे तर तालुक्याच्या गावातल्या फोटो स्टुडिओत वर्षानुवर्षे चालत आलेले काम पाहावे लागते. अकोला जिल्ह्यातले बाळापूर हे अशा गावांपैकी एक आहे. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर वसलेल्या या गावाला एलिचपूरच्या नवाब इस्माइलखानाने १७५७ मध्ये पूर्ण केलेला विटांचा किल्ला आहे, मन नदीच्या काठी मिर्झाराजे जयसिंगांच्या नावाची काळ्या दगडाची छत्री आहे, नक्शबंदी सुफी परंपरेची जुनी खानकाह आहे, आणि सतरंज्या विणण्याची ख्यातीही या गावाला पूर्वीपासून लाभलेली आहे. तहसील कचेरी, बँका, शाळा आणि बाजार यांच्यामुळे आसपासच्या खेड्यांतली माणसे येथे येतात, आणि आलेल्या खेपेत फोटोचे कामही उरकून घेतात. अशा गावात स्टुडिओ चालवण्यात उमेदीची वर्षे खर्ची घातलेल्या छायाचित्रकाराला कामातून जे कळत जाते, त्याची मांडणी येथे केली आहे.

या अनुभवाचे सार सांगायचे तर असे, की कॅमेऱ्याचे आकर्षण यंत्राच्या करामतीत जितके आहे त्याहून अधिक ते एका साध्या घटनेत आहे : ज्या माणसाकडे एरवी कोणी निरखून पाहत नाही, तो माणूस स्वतःच्या इच्छेने समोर बसतो आणि दुसरा माणूस काही काळ फक्त त्याच्याकडेच पाहतो. या पाहण्यातून जो कागद तयार होतो, तो ज्या कारणासाठी काढला त्याच कारणापुरता राहत नाही. बँकेच्या अर्जासाठी काढलेला चेहरा पुढे कित्येक वर्षांनी हार घालून भिंतीवर येतो. स्टुडिओतल्या कामाचे मोल या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी आहे.

वऱ्हाडच्या परिसरात कॅमेरा आला तो मात्र माणसांसाठी आला नव्हता. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय तिच्या कामात सहभागी झाले. त्याच सुमारास अजिंठ्याच्या लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करण्यासाठी आलेल्या रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने ब्रशाबरोबर कॅमेराही हाती घेतला. त्याने तयार केलेल्या रंगीत नकलांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या, पण त्याची छायाचित्रे मात्र त्याआधीच, १८६४ मध्ये, पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली होती. ती स्टिरिओस्कोपिक पद्धतीची, म्हणजे दोन डोळ्यांमधल्या अंतराइतक्या अंतरावरून एकाच दृश्याची दोन चित्रे घेऊन ती विशिष्ट भिंगातून एकत्र पाहिली असता खोलीचा भास व्हावा, अशा रीतीने काढलेली होती. अजिंठ्याबरोबर लोणारच्या देवळांपर्यंत त्याचा कॅमेरा पोहोचला. त्या काळी काचेवर कोलोडियनचा ओला थर देऊन तो वाळण्याच्या आत चित्र घ्यावे आणि धुवावे लागे. त्यासाठी अंधारा तंबू, रसायनांच्या बाटल्या आणि पाण्याचे हंडे छायाचित्रकाराबरोबर हिंडत. अशा वास्तुचित्रांत एखादा स्थानिक माणूस खांबाशेजारी उभा दिसतो. त्याला तेथे उभे करण्याचे कारण, खांब किती उंच आहे हे पाहणाऱ्याला कळावे, एवढेच असे. त्याचे नाव, गाव कोणी लिहून ठेवले नाही. गिल १८७९ मध्ये वारला आणि त्याची कबर भुसावळला आहे. भुसावळ ते नागपूर हा लोहमार्ग त्याच्या हयातीतच सुरू झाला होता, आणि बाळापूरच्या माणसाला पारस स्थानकावर गाडीत बसून अकोल्याला किंवा मुंबईला जाऊन स्वतःचा फोटो काढून घेणे त्यानंतर शक्य झाले. मापाची काठी म्हणून उभा केलेला माणूस खुर्चीवर बसून पैसे मोजून फोटो काढून घेऊ लागला, हा या प्रदेशातल्या छायाचित्रणातला सर्वांत मोठा बदल मानला पाहिजे.

स्टुडिओ मोठ्या शहरांतून जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून तालुक्याला आले, ते कोरड्या काचा, नंतर फिल्म आणि वीज यांच्या आधाराने. एकशेवीस नंबरचा रोल, ज्यात चौरस आकाराचे बारा फोटो येत, हा कृष्णधवल काळातल्या स्टुडिओचा कणा होता. त्यावर यशिका किंवा रोलिकॉर्ड जातीचा दोन भिंगांचा कॅमेरा चाले : वरच्या भिंगातून छायाचित्रकार पाही आणि खालच्या भिंगातून फिल्मवर चित्र उमटे. पूर्व जर्मनीची ऑर्वो फिल्म, उटीच्या सरकारी कारखान्यात बनणारी इंदू फिल्म आणि ब्रोमाइड कागद, आणि हौशी माणसाच्या घरी असणारा, बडोद्यात बनलेला आग्फा क्लिक थ्री, हा त्या काळचा परिचित सरंजाम होय. स्टुडिओत बागेचा, जिन्याचा किंवा ताजमहालाचा रंगवलेला पडदा, लाकडी खुर्ची, प्लास्टिकच्या फुलांची कुंडी, आरसा, कंगवा, पावडरचा डबा आणि ज्याला हवा त्याने घालावा असा एक काळा कोट असे. हा कोट अनेक अंगांना सैल किंवा घट्ट होई, म्हणून तो मागून टाचणीने आवळला जाई. फोटोत पाठ दिसत नाही, हा या व्यवसायातला अत्यंत उपयुक्त नियम आहे.

वऱ्हाडातले डार्करूमचे काम मात्र पुस्तकात सांगितल्याप्रमाणे कधीच चालत नसे, आणि या कामाची खरी कसोटी तेथेच होती. फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात. प्रकाश पडलेल्या कणांचे डेव्हलपर नावाचे रसायन काळ्या धातुरूप चांदीत रूपांतर करते आणि प्रकाश न पडलेले कण हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, विरघळवून टाकते. जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाला हायपोचा हा गुण १८१९ मध्येच आढळला होता आणि तोच पुढे छायाचित्र टिकाऊ करण्याच्या कामी आला. परंतु डेव्हलपरसाठी सांगितलेले तापमान २० अंश सेल्सिअस असते, आणि अकोला जिल्ह्यात वैशाख-ज्येष्ठात पारा ४५ अंशांच्या वर जातो. नळाचे पाणीच कोमट येते. अशा पाण्यात जिलेटिन फुगते, मऊ पडते, कडेने सुटू लागते, आणि एका ट्रेमधून दुसऱ्या ट्रेमध्ये जाताना पाण्याच्या तापमानात मोठा फरक पडला तर चेहऱ्यावर जाळीसारख्या भेगा उमटतात. लग्नसराई नेमकी याच महिन्यांत असल्याने काम पुढे ढकलण्याची सोयही नव्हती. म्हणून फिल्म धुण्याचे काम रात्री उशिरा, भिंती थोड्या निवल्यावर केले जाई. डेव्हलपरची बाटली बर्फाच्या घमेल्यात ठेवली जाई, माठाचे पाणी वापरले जाई, आणि थर घट्ट राहावा म्हणून हायपोत तुरटी मिसळली जाई. तुरटी जिलेटिनला कठीण करते, हे रसायनशास्त्राच्या पुस्तकात आहेच. दाढी केल्यावर तुरटी फिरवणाऱ्या वऱ्हाडी माणसाला ती गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नव्हती.

पाण्याचा दुसरा प्रश्न अधिक चिवट होता. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांमधून खारपाणपट्टा पसरलेला आहे. या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारट आहे, आणि बाळापूर तालुक्यातल्या अनेक खेड्यांना त्याचा जन्मभराचा अनुभव आहे. अशा पाण्याने फिल्म धुतली की सुकल्यावर तिच्यावर पांढरे ठिपके राहतात आणि ते मोठ्या प्रिंटमध्ये नेमके गालावर किंवा कपाळावर येतात. विशेष असे, की खारे पाणी फिल्ममधला हायपो गोड्या पाण्यापेक्षा लवकर काढून टाकते, पण ते मीठच मागे राहिले तर चित्र बिघडते, म्हणून शेवटचे धुणे गोड्या पाण्याने करावे लागते. पावसाचे साठवलेले किंवा विकत आणलेले पाणी या शेवटच्या धुण्यासाठी राखून ठेवण्याची शिस्त ज्याने पाळली, त्याच्या हातचे फोटो अजूनही काळेपांढरे आहेत. ज्याने पाणी वाचवले, त्याच्या फोटोंत हायपो राहिला आणि ते पिवळे, तपकिरी होत गेले. आज एखाद्या घरातला जुना फोटो हातात घेतला तर त्या वर्षी पाण्याची टंचाई किती होती, याचाही काहीसा अंदाज येऊ शकतो. विजेचेही असेच होते. पारसचे औष्णिक वीज केंद्र बाळापूर तालुक्यातच असले तरी भारनियमनाच्या वर्षांत तालुक्यातले दिवे ठरलेल्या वेळी जात, आणि एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्हमधून प्रकाश टाकून कागदावर मोठे चित्र पाडणाऱ्या यंत्राखाली, अर्धवट राहिलेला कागद फेकून द्यावा लागे.

या सगळ्या खटाटोपानंतर डेव्हलपरच्या ट्रेमध्ये कोऱ्या कागदावर हळूहळू चेहरा येऊ लागतो. तांबड्या दिव्याखाली आधी केस आणि भुवया दिसतात, कारण प्रिंटमध्ये सर्वांत काळा भाग तोच असतो. मग डोळे, नंतर ओठ आणि शेवटी गालांवरची छटा. हे असंख्य वेळा पाहिलेल्या माणसालाही त्याचा कंटाळा येत नाही, हे या व्यवसायातली माणसे एकमुखाने सांगतील. कागद केव्हा उचलायचा हे घड्याळापेक्षा नजरेने ठरत असे. पाहणे हेच मुख्य कौशल्य असल्याचे अशा ठिकाणी पटते.

रिटचिंग हा त्या काळातला स्वतंत्र आणि नाजूक विषय होता. निगेटिव्हमध्ये उजेड-अंधार उलटे असतात; म्हणून चेहऱ्यावरची सुरकुती, काळा डाग किंवा देवीचा व्रण निगेटिव्हवर पारदर्शक ठिपक्यासारखा दिसतो, आणि त्यावर टोकदार शिसपेन्सिलीने बारीक टिंबे देऊन तो बुजवला की प्रिंटमध्ये कातडी नितळ येते. देवीचा रोग भारतातून गेल्यावर, १९७७ मध्ये त्याची जागतिक आरोग्य संघटनेने खात्री करून दिल्यावरही, ज्यांना लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या अशी पिढी बराच काळ स्टुडिओत येत राहिली. मुलीला स्थळाकडे पाठवायच्या फोटोत व्रण बुजवावेत की नाहीत, हा प्रश्न तांत्रिक नव्हता. सगळे बुजवले तर प्रत्यक्ष पाहायला आलेल्या मंडळींसमोर त्या मुलीचाच अपमान होणार; काहीच न बुजवले तर फोटो पाहूनच नकार येणार. जाणता छायाचित्रकार प्रकाशाची दिशा थोडी बदलून, समोरून मऊ उजेड देऊन व्रणांची सावली कमी करी, पेन्सिल अगदी हलकी लावी आणि चेहरा ओळखू येईल एवढा खरा ठेवी. या निवाड्यात जबाबदारी होती, आणि ती कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवली जात नव्हती.

बसवणे हे खरे काम. शेतातून आलेल्या माणसाचा हात खुर्चीच्या दांड्यावर ठेवला तरी तो मुठीत मिटलेलाच राहतो. पदर डोक्यावर घेतलेल्या बाईच्या चेहऱ्यावर पदराची सावली पडते आणि तो मागे सरकवायला सांगणे औचित्याला धरून नसते, म्हणून दिवाच खाली आणावा लागतो. वडीलधाऱ्यांना छायाचित्रकार ‘बाबा’, ‘मावशी’, ‘चाचा’ अशी हाक मारतो आणि ‘हनुवटी जरा खाली घ्या’ असे म्हणतो. स्वतः हात लावून मान सरळ करण्याची मुभा वयावर आणि ओळखीवर अवलंबून असते. बसलेल्या माणसांचे हसू बहुधा मावळते. बाहेरून आलेला पाहुणा याला संकोच म्हणेल, किंवा कॅमेऱ्याची भीती म्हणेल. पण स्टुडिओतल्या अनुभवाला ते पटत नाही. सणाच्या दिवशी माणूस जसा धुतलेला सदरा घालून बसतो, तसा तो येथे स्वतःचा चेहरा नीट करून बसतो. त्याला प्रसन्न दिसण्यापेक्षा भारदस्त दिसायचे असते, कारण हा फोटो कदाचित आयुष्यातला एकमेव मोठा फोटो ठरणार आहे, हे त्याला ठाऊक असते. क्रिस्टोफर पिनी या मानववंशशास्त्रज्ञाने मध्य प्रदेशातल्या नागदा या औद्योगिक गावातल्या स्टुडिओंचा अभ्यास करून १९९७ मध्ये जे पुस्तक लिहिले, त्यात एकाच माणसाची दोन रूपे एका फोटोत दाखवण्यासारख्या प्रयोगांची नोंद आहे आणि असा फोटो काढून घेणाऱ्याला तो खोटा वाटत नाही, हेही त्याने दाखवून दिले आहे. वऱ्हाडातल्या काळ्या कोटाचे स्पष्टीकरण त्यातून मिळते. कोट घालून बसलेला माणूस कोणाला फसवत नसतो. घरचे सगळे जाणतात की त्याच्याकडे कोट नाही. आपण कसे असू शकलो असतो, हे तो नोंदवून ठेवत असतो.

या हौसेच्या फोटोंना समांतर असा दुसरा प्रवाह सरकारी कामाचा होता आणि तालुक्याच्या गावात पोट चालवणारा प्रवाह तोच. परीक्षेचे अर्ज, बँकेचे पासबुक, एसटीचा पास, हज यात्रेसाठीचा पासपोर्ट, अशा प्रत्येक कारणासाठी लहान आकाराचा, पांढऱ्या किंवा फिक्या पडद्यासमोर काढलेला फोटो लागू लागला. निवडणूक आयोगाने १९९३ मध्ये मतदारांना छायाचित्र असलेली ओळखपत्रे देण्याचे ठरवल्यावर तर ज्यांनी आयुष्यात कॅमेरा पाहिला नव्हता अशी वृद्ध माणसेही भिंगासमोर आली. आधार क्रमांकांची सुरुवात महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी झाली, आणि त्यानंतर चेहरा टिपण्याचे काम स्टुडिओतून उठून संगणकाला जोडलेल्या छोट्या कॅमेऱ्याकडे गेले. तेथे बसवणारा कोणी नसतो. रांग लांब असते, ट्यूबलाइट डोक्यावर असते, आणि कपाळ चमकून डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. त्या कामाचा हेतू माणूस ओळखता यावा एवढाच असल्याने त्यात गैर काही नाही. पण स्टुडिओत घडलेला एक फरक नोंदवण्यासारखा आहे : आधारकार्ड घरी आल्यावर, त्यावरचा स्वतःचा चेहरा पाहून काही माणसे मुद्दाम स्टुडिओत आली आणि कोणत्याही अर्जाची गरज नसताना ‘एक चांगला’ फोटो काढून गेली. ओळखीसाठी एक चेहरा देऊन झाल्यावर स्वतःसाठी दुसरा ठेवावा, ही गरज त्यांना आतून जाणवली होती.

तरीही पुष्कळांच्या वाट्याला तो दुसरा चेहरा येत नाही, आणि मग सरकारी फोटोच शेवटचा ठरतो. घरातले माणूस गेले की तेरवीच्या आधी कोणीतरी स्टुडिओत येते. ‘आमच्या बुढीचा फोटू मोठा करून द्या, भाऊ,’ असे म्हणून पुढे केला जातो तो पासबुकावरचा शिक्का बसलेला चौकोन, ज्येष्ठ नागरिकांच्या सवलतीचे ओळखपत्र, किंवा एखाद्या लग्नाचा ग्रुप फोटो, ज्याच्या कोपऱ्यात नखाएवढ्या आकाराची म्हातारी अर्धी झाकलेली दिसते. तेरवीच्या दिवशी पाटावर ठेवायची तसबीर यातून तयार करायची असते आणि मुदत थोडी असते. पूर्वी हे काम कॉपी करून, म्हणजे मूळ फोटोचाच पुन्हा फोटो काढून, त्याची निगेटिव्ह रिटच करून आणि मोठ्या कागदावर छापून होई. आता ते संगणकावर होते, पण अडचणी बदललेल्या नाहीत. शिक्क्याची गोल रेघ गालावरून जात असेल तर तेवढा गाल नव्याने रचावा लागतो. आधारकार्डाच्या छापील ठिपक्यांतून डोळ्यातली चमक मिळत नाही, ती घालावी लागते. पतीच्या आधी पत्नी गेली असेल तर कपाळावरचे कुंकू ठसठशीत हवे असते, आणि कृष्णधवल काळात एवढ्या एका ठिकाणी हाताने लाल रंग भरला जाई. ज्या नवरा-बायकोचा जोडीने फोटोच नव्हता, त्यांना दोन वेगळ्या फोटोंतून काढून शेजारी बसवले जाते. कधी एक जण तिशीतला असतो आणि दुसरे सत्तरीतले. कुटुंबाला त्यात विसंगती दिसत नाही, आणि दिसावी अशी अपेक्षाही चुकीची आहे.

हे काम करताना छायाचित्रकाराला मृताबद्दल बोलावेच लागते. भुवया कशा होत्या, टोपी तिरपी घालत का, नाकात मोरणी कोणत्या बाजूला होती, अशा प्रश्नांची उत्तरे देता देता घरची माणसे प्रथमच मोकळेपणी रडतात किंवा एकमेकांशी वाद घालतात, कारण मुलाला आठवणारी आई आणि सुनेला आठवणारी सासू या दोन वेगळ्या स्त्रिया असतात. तसबीर कोणाच्या आठवणीशी जुळवायची, हे तेथे काउंटरवर ठरते. रोलां बार्त या फ्रेंच लेखकाने १९८० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या छायाचित्रणावरील पुस्तकात, आईच्या मृत्यूनंतर तिचे खरे रूप शोधताना ते तिच्या बालपणीच्या एका फोटोत सापडल्याचे सांगितले आहे. त्याच्याजवळ चाळायला फोटोंचा ढीग तरी होता. येथे बहुधा एकच फोटो असतो आणि त्यातूनच खरे रूप घडवावे लागते. मुस्लिम कुटुंबांत दिवंगतांची तसबीर भिंतीला लावण्याची रीत सहसा नाही; तेथे तोच चेहरा अल्बममध्ये किंवा कपाटातल्या कागदांत जपला जातो, आणि हजला जाण्याआधी पासपोर्टसाठी काढलेल्या फोटोला त्यांच्यात विशेष मान असतो. हिंदू आणि बौद्ध घरांत तसबिरीला शेगावचे गजानन महाराज किंवा बुद्ध-बाबासाहेब यांची सोबत मिळते. फ्रेमच्या काचेमागे सगळे चेहरे सारख्याच उंचीवर येतात.

या तसबिरीशी वऱ्हाडच्या अलीकडच्या इतिहासातले एक दुःख जोडलेले आहे. कापूस उत्पादक शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे हा प्रदेश देशभर चर्चेत आला आणि २००६ मध्ये केंद्र सरकारने अकोला, अमरावती, यवतमाळ, वाशीम, बुलडाणा आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी विशेष योजना जाहीर केली. त्या वर्षांत वृत्तपत्रांतून आणि नियतकालिकांतून जी छायाचित्रे प्रसिद्ध झाली, त्यांत एक रचना पुन्हा पुन्हा दिसते : घराच्या दारात बसलेली स्त्री, आणि तिच्या हातात किंवा मांडीवर नवऱ्याची फ्रेम केलेली तसबीर. पाहणाऱ्याची नजर तिच्या चेहऱ्याकडे जाते, बातमीखाली वृत्तछायाचित्रकाराचे नाव येते. पण त्या चित्राच्या आत आणखी एक छायाचित्र आहे आणि ते कोण्या तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओत, बहुधा पीककर्जाच्या किंवा बँकेच्या कागदासाठी काढलेल्या फोटोवरून, घाईने तयार झालेले आहे. ज्या कर्जासाठी तो चेहरा दिला गेला, त्या कर्जानंतर तोच चेहरा हार घालून परत आला, हे त्या तसबिरीचे काम करणाऱ्या माणसाच्या मनातून सहजी जात नाही. वृत्तछायाचित्रणाबद्दल येथे तक्रार नाही. मूळचे अकोल्याचे असलेले छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांमध्ये दीर्घकाळ राहून काम केले आणि त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली; त्यांच्या चित्रांत माणूस स्वतःच्या नजरेने पाहणाऱ्याला सामोरा जातो. इतका वेळ दिला तर वृत्तचित्रही स्टुडिओतल्या चित्राइतकेच त्या माणसाचे होऊ शकते.

फिल्मचा काळ संपला तो झपाट्याने. पहिला डिजिटल कॅमेरा कोडॅक कंपनीतच १९७५ मध्ये स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने तयार केला होता. त्याच कंपनीवर २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीसाठी अर्ज करण्याची पाळी आली. तालुक्याच्या गावात याचा अर्थ असा झाला, की डार्करूमच्या खोलीत झेरॉक्स मशीन आले, लॅमिनेशन आले, ऑनलाइन अर्ज भरण्याचे टेबल आले. लग्नाचे काम करिझ्मा अल्बमकडे, म्हणजे संगणकावर पानेच्या पाने रचून पुस्तकासारख्या बांधलेल्या अल्बमकडे, आणि ड्रोनकडे गेले. किल्ल्याच्या बुरुजाशी आणि जयसिंगांच्या छत्रीच्या पायऱ्यांवर मोबाइल घेऊन आलेली तरुण मुले दिवसभर दिसू शकतात. त्यांना पाहून हळहळणारे लोक आहेत, पण हळहळण्यासारखे त्यात फारसे नाही : गिलच्या काळात खांबाची उंची दाखवायला उभा राहिलेल्या माणसाचा पणतू आज छत्रीला स्वतःच्या मागे पार्श्वभूमी म्हणून उभी करतो, आणि चौकटीत आपण कोठे उभे राहायचे हे त्याचे तोच ठरवतो.

कॅमेऱ्याची ओढ ओसरलेली नाही, याचा पुरावा मात्र छापील कागदाच्या मागणीत अधिक मिळतो. फोनमध्ये हजारो फोटो असलेला मुलगा एक फोटो छापून घ्यायला येतो आणि कोणता छापायचा हे त्याला ठरवता येत नाही. आजीचे दहा फोटो तो पुढे करतो. त्यांतल्या एकात ती हसते, पण हललेली असते, दुसऱ्यात डोळे मिटलेले असतात, तिसऱ्यात मागे कूलर येतो. पूर्वी बसवण्यात जे कौशल्य लागे ते आता निवडण्यात लागते. छायाचित्रकार फोन हातात घेऊन एकेक फोटो पुढे सरकवत असताना मुलगा आपोआप आजीबद्दल सांगू लागतो, आणि निवड बहुधा त्या सांगण्यातून होते. हे काम करून देणारा माणूस गावात असणे आवश्यक आहे, असे या अनुभवावरून ठामपणे म्हणता येते.

अधिक काळजीची गोष्ट जुन्या निगेटिव्हची आहे. बंद पडलेल्या स्टुडिओंतल्या निगेटिव्ह भंगारात जातात, कारण त्यांच्यातली चांदी काढून घेता येते. उरलेल्या पत्र्याच्या पेट्यांत उन्हाळ्याच्या उष्णतेने कुजतात. फिल्मचा सेल्युलोज अॅसिटेटचा आधार तापला आणि ओलसर राहिला तर त्यातून व्हिनेगरसारखा वास येऊ लागतो, तो आक्रसतो आणि वरचा थर सुरकुततो. एका पेटीत एक रोल बिघडला की त्याची वाफ शेजारच्या रोलांनाही बिघडवते. बाळापूर आणि आसपासच्या गावांतल्या कित्येक कुटुंबांच्या आजोबा-पणजोबांचे चेहरे, रंगवलेले पडदे, फेटे बांधण्याच्या तऱ्हा, लुगड्यांचे काठ, हे सगळे त्या निगेटिव्हमध्येच आहे, आणि प्रत्येक निगेटिव्हचा नंबर व गिऱ्हाइकाचे नाव लिहिलेली वही तिच्याशेजारी असेल तर ती वही गावाच्या इतिहासाचे साधन ठरेल. स्थानिक वाचनालयाने किंवा महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने हे काम अंगावर घेतले तर खर्च मोठा येणार नाही. प्लास्टिकच्या पिशव्यांऐवजी साध्या कागदाची पाकिटे लागतील, व्हिनेगरचा वास येणारे रोल आधी वेगळे काढावे लागतील, आणि ज्यांचे चेहरे त्यांत आहेत त्यांच्या कुटुंबांची परवानगी घेऊनच कोणताही फोटो बाहेर दाखवावा लागेल. कपाट मात्र उन्हाने तापणाऱ्या पत्र्यांपासून दूर, उत्तरेकडच्या खोलीत आणि मन नदीचा पूर जेथपर्यंत चढतो त्या रेषेच्या वर ठेवले पाहिजे.